२२ फुटी मासेमारी बोटीला जोडीचं छोटं इंजिन: ६ एचपी की ९.९?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. राहायला बडोद्यात, बोट कावी-कंबोईच्या बाजूला. एफआरपी (फायबरग्लासची), २२ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, तळ हलक्या व्ही आकाराचा. मागच्या फळीवर ४० एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम (फळीबाहेर टांगायचं आउटबोर्ड इंजिन), लाँग शाफ्ट (पाण्यात उतरणारा दांडा लांब), पेट्रोलमध्ये ५०:१ तेल हातानेच मिसळायचं. जाळी किनाऱ्यापासून सात-आठ सागरी मैलांच्या आत पडतात. माणसं चार, बर्फाची पेटी एक, नांगर एक, त्याला ३० मीटर दोर.

आता जोडीला छोटं इंजिन लावायचंय, मोठं बंद पडलं तर घरी आणणारं. डीलर म्हणतो ६ एचपी फोर-स्ट्रोक पुष्कळ झालं. बंदरावरची मंडळी म्हणतात ९.९ च्या खाली बघूच नका. तिसरा पक्ष ८ एचपी टू-स्ट्रोकचा, कारण ते मोठ्या इंजिनाच्याच टाकीवर चालेल.

शाफ्ट १५ इंची, २० की २५? ब्रॅकेट (फळीबाहेरचा, वर-खाली होणारा आधार) लावायचा की थेट फळीवर बसवायचं? मोठ्या इंजिनाच्या डाव्या बाजूला फळीवर साधारण १८ इंच मोकळी जागा आहे. बजेट थोडं ताणता येईल, पण एकच काम दोनदा करायचं नाही.

सुकाणू

एचपीपासून सुरुवात केली की वाद संपत नाही, वजनापासून करा. रिकामी बोट ६५० किलो धरू, मोठं इंजिन ८० च्या आसपास, ८० लिटर पेट्रोल म्हणजे ६० किलो, चार माणसं २८०, जाळी-बर्फ-मासळी २५०. झालं १,३२० किलो. शांत पाण्यात अशी बोट नुसती ढकलायला टनाला ४ एचपी हा जुना अंदाज चालतो. म्हणजे सव्वापाच एचपी. डीलरचे ६ इथून येतात, आणि शांत पाण्यापुरता तो खोटं बोलत नाही.

आता वेगाची मर्यादा. बोट पाण्यावर उचलली जात नाही तोवर तिचा कमाल वेग पाणरेषेच्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. पाणरेषा २० फूट धरली तर ६ नॉट (ताशी ६ सागरी मैल). ९.९ लावा नाहीतर १५ लावा, तुमची भरलेली बोट ६ च्या पुढे फारशी जाणार नाही. नुसती नाळ (पुढचं टोक) वर करून पेट्रोल पीत राहील. म्हणून १५ चा विचार सोडा.

मग ६ आणि ९.९ मधला फरक कशात? वाऱ्यात. समोरून २० नॉट वारा आणि तुम्ही ४ नॉटने पुढे जाताय, म्हणजे बोटीला लागणारा वारा २४ नॉटचा. नाळ, पेटी, उभी माणसं मिळून ३ चौरस मीटर आडवा भाग धरला तर सुमारे २८ किलोचा जोर सतत मागे ढकलतो. वर लाटांचा मार वेगळा. ६ एचपीची शिल्लक ताकद तिथेच संपते आणि बोट दीड-दोन नॉटवर येते. ९.९ असेल तर तीन-साडेतीन टिकतात. माझं मत ९.९, पण कुठलंही नाही.

ही गोष्ट डीलर सहसा काढत नाही. साध्या ९.९ चा गिअर २.०८:१ असतो, यामाहाच्या हाय थ्रस्ट ९.९ चा २.९२:१. इंजिन ५,५०० फेऱ्यांवर असताना साध्याचा पंखा मिनिटाला २,६४० वेळा फिरतो. त्यावर ८ इंच पिचचा (एका फेऱ्यात कागदावर ८ इंच पुढे सरकणारा) पंखा असेल तर कागदावरचा वेग १७ नॉट! तो ५ नॉटच्या बोटीला लावणं म्हणजे चौथ्या गिअरमध्ये पावागडचा घाट चढणं. हाय थ्रस्टमध्ये पंखा १,८८० वर फिरतो, व्यास पावणेबारा इंचांपर्यंत जातो, साध्यात तो सव्वानऊच्या आसपास असतो. पाणी ढकलणारं क्षेत्र दीडपटीहून जास्त. जड बोट हळू ढकलायला मोठा पंखा सावकाश फिरवणं केव्हाही बरं.

हाय थ्रस्ट जमत नसेल तर साधं ९.९ घ्या, पण कंपनीच्या यादीतला सगळ्यात कमी पिचचा पंखा मागून घ्या. नंतर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर लावून भरल्या बोटीवर पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाच्या पुस्तकात साधारण ५,००० ते ६,००० असा पट्टा दिलेला असतो. ४,३०० वरच अडकलं तर पिच जास्त आहे. एक इंच पिच उतरवली की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. असं दबून चालणारं इंजिन आवाजाला गोड वाटतं, पण तापतं आणि कार्बन धरतं.

मकरपुरा_फिटर

शाफ्ट आणि ब्रॅकेटचं सांगतो.

१५ इंची विसरा. तुमची फळी लाँग शाफ्टची, म्हणजे २० इंची. छोटं इंजिन मधोमध नसून बाजूला बसणार. मध्यापासून ४०० मिलिमीटर धरा. तळाचा व्ही १२ अंशांचा असेल तर त्या जागी तळ मध्यापेक्षा ८५ मिलिमीटर वर आहे, तो भाग फायद्याचा. पण बोट उजवीकडे १० अंश कलली की डावीकडचं इंजिन ७० मिलिमीटर पाण्याबाहेर येतं. त्यात मागून लाट गेली, मागची बाजू उचलली, की पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागच्या जागी. हे नेमकं खराब हवेत होतं, जेव्हा इंजिनाची गरज असते. ९.९ मध्ये २५ इंची मिळत असेल तर तोच घ्या. २० इंचीवर भागवायचं असेल तर ब्रॅकेट खालच्या खाचेत असताना पंख्यावरची आडवी पट्टी त्या जागच्या तळाच्या निदान दोन इंच खाली गेली पाहिजे.

थेट फळीवर नको, ब्रॅकेटच घ्या. बंद असताना इंजिन पूर्ण पाण्याबाहेर राहायला हवं, नाहीतर ४० एचपीवर धावताना पाण्याचे फवारे त्याच्या कव्हरमध्ये जातात. ब्रॅकेटवर छापलेला एचपीचा आकडा बऱ्याचदा टू-स्ट्रोकच्या काळातला असतो, तो बघू नका. किलो बघा. हाय थ्रस्ट ९.९ पंचेचाळीस किलोंच्या पुढे जातं.

ब्रॅकेट तुटण्यापेक्षा फळी आतून दबणं जास्त घडतं. ४५ किलो वजन फळीपासून ३०० मिलिमीटर मागे लटकतंय. लाटेवर आपटताना ते चौपट झालं तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून अडीचशे-पावणेतीनशे किलोची ओढ येते. १० मिमीचा बोल्ट हे हसत झेलतो. पण वॉशरखालचा प्लाय चेपतो, भोक सैल होतं, पाणी शिरतं, आणि दोन पावसाळ्यांत फळी आतून शेवयांसारखी सुटते. म्हणून आतल्या बाजूने ३०० बाय २५० मिमीची, ४ मिमी जाडीची एसएस ३१६ ची प्लेट लावा. मकरपुरा जीआयडीसीत कापून आणि भोकं पाडून मिळते, फक्त ३१६ मागा. ३०४ ला खाऱ्या पाण्यात तांबूस ठिपके येऊन बारीक खड्डे पडतात.

भोकं अशी करा: आधी १६ मिमीचं पाडा. निघालेला भुसा बोटांत चोळून बघा. कोरडा, पिवळसर असेल तर फळी चांगली, काळा आणि ओलसर आला तर थांबा, आधी फळीचं काम. चांगली असेल तर मागून टेप लावून भोकात घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, २४ तास सुकू द्या, मग मधोमध १०.५ मिमीचं भोक. आता बोल्ट प्लायला कुठेच लागत नाही. वर पॉलियुरेथेन सीलंट, सिलिकॉन नाही. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा असेल तर बोल्टाखाली नायलॉनचे वॉशर.

दोन्ही इंजिनं पूर्ण वळवून आणि पूर्ण उचलून एकमेकांना कुठे लागतात ते आधी दोरी-पट्टीने बघा. १८ इंच कागदावर पुरतात, वळल्यावर कव्हर पुढे येतं ते कोणी मोजत नाही.

टू-स्ट्रोक_भक्त

एवढा खटाटोप कशाला? ८ एचपी टू-स्ट्रोक घ्या. एकट्या माणसाला उचलता येतं, व्हॉल्व्ह नाहीत, इंजिन ऑइल नाही, वेरावळ-पोरबंदरच्या पट्ट्यात मिस्त्री आणि पार्ट दोन्ही मिळतात. आणि मुख्य म्हणजे तेल मिसळलेलं पेट्रोल बोटीवर आहेच. फोर-स्ट्रोक आणलं की दोन प्रकारचं पेट्रोल सांभाळा. अंधारात कॅन बदलली तर? फोर-स्ट्रोकला तेलवालं गेलं तर प्लग काळा होईल एवढंच, पण ४० एचपीला साधं पेट्रोल गेलं तर काही मिनिटांत पिस्टन धरेल.

सुकाणू

@टू-स्ट्रोक_भक्त, कॅन बदलण्याचा मुद्दा पक्का, त्याला उत्तर हवंच: दोन रंगांच्या टाक्या आणि दोन वेगळ्या प्रकारचे कनेक्टर, म्हणजे चुकीची नळी बसणारच नाही. पण एकाच टाकीवर दोन्ही इंजिनं चालवणं हा फायदा नसून सापळा आहे. समुद्रात इंजिन बंद पडायचं नेहमीचं कारण पेट्रोलमधलं पाणी आणि कचरा. ज्या पेट्रोलने मोठं बंद पाडलं तेच छोट्याला पाजलं तर तेही दहा मिनिटांत बसणार. टू-स्ट्रोक घ्या की फोर, टाकी, नळी, फिल्टर सगळं स्वतंत्र.

टाकी किती मोठी? ८ मैल, ४ नॉट, म्हणजे दोन तास. फोर-स्ट्रोक ९.९ पूर्ण थ्रॉटलला ताशी साडेतीन-चार लिटर घेतं, म्हणजे ८ लिटर, वर निम्मी शिल्लक. १२ लिटरची सुटी टाकी बरोबर बसते. ८ एचपी टू-स्ट्रोकलाही जवळपास तेवढंच लागेल, त्यामुळे तिथे बचत नाही. ६ एचपीच्या आतच बसवलेली लिटरभराची टाकी मात्र अर्ध्या तासाची पाहुणी.

माही_काठ

पेट्रोलवरच बोलायचं तर आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकांत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. रोज चालणाऱ्या मोठ्या इंजिनात पेट्रोल शिळं होत नाही. छोटं इंजिन मात्र महिनोन्महिने बसून राहतं, आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात तर हमखास. तिथे घोळ होतो.

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. एका मर्यादेपलीकडे पाणी झालं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून सुटतं आणि तळाला बसतं. टाकीची नळी तळालाच टेकलेली, ती पहिल्यांदा तेच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये आणखी वाईट, कारण त्या थरात तेल विरघळत नाही. बेअरिंगला कोरडं मिश्रण मिळतं. ओळखायचं कसं? टाकीच्या तळाचं पाव लिटर काचेच्या बरणीत काढा, पंधरा मिनिटं उन्हापासून दूर ठेवा, मग खिडकीसमोर धरा. मधे एक स्वच्छ आडवी रेघ दिसली तर ती टाकी बोटीवर नेऊ नका. सगळं धुरकट, दुधट दिसलं तरी नको.

छोट्या इंजिनाच्या कार्बोरेटरचं आयडल जेट (संथ चालताना पेट्रोल सोडणारं भोक) सुईच्या टोकाएवढं असतं. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून मागे चिकट साय राहते, तीच ते बंद करते. लक्षण ठरलेलं: चोक ओढला की चालू होतं, चोक सोडला की मरतं. उपाय कंटाळवाणा पण एकच. प्रत्येक फेरीनंतर नळी काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या, मग वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करून उरलेले थेंब फडक्यावर घ्या. टाकीतलं पेट्रोल महिन्याच्या आत गाडीत ओतून टाका. वाटेत १० मायक्रॉनचा पाणी अडवणारा फिल्टर. हातपंपाचा रबरी फुगा दाबल्यावर टणक राहत नसेल तर त्याचे व्हॉल्व्ह गेले, फुगाच बदला.

आणि खाडीतून बाहेर पडताना पहिली दहा मिनिटं छोट्या इंजिनावर चला. महिन्यातून एकदा पिंपात चालवणं हे त्याला पर्याय नाही, भार पडला पाहिजे. (पिंपाऐवजी विश्वामित्रीत चाचणी घ्यायचा विचार असेल तर मगरींना आधी विचारा.)

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार. एक शंका: एका मित्राचं म्हणणं, बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर घे, कटकट नाही. आणि आपल्या खंभातच्या आखातातला गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाला कितपत त्रास देतो?

मकरपुरा_फिटर

ट्रोलिंग मोटर तलावाला. १२ व्होल्टवर ५० अँपिअर म्हणजे ६०० वॉट, एका एचपीलाही कमी. १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत झोपते. सोडा.

गाळ देतो त्रास. इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) रबरी पाकळ्या झिजतात, पंपाच्या घराला चरे पडतात. मागून येणारी पाण्याची बारीक धार बघायची सवय लावा: धार कोमट आणि जोरात असली की ठीक, गरम वाफेसारखी किंवा थेंब-थेंब आली की बंद करा. आधी धारेच्या भोकात पातळ तार घालून बघा, बऱ्याचदा तिथेच चिखल असतो. इम्पेलर दर वर्षी बदला, तास कमी भरले तरी, कारण बसून राहिल्यावर पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच कडक होतात. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुणं आलंच. गिअरचं तेल वर्षातून एकदा काढा. ताकासारखं निघालं तर सील गेलं.

बोटीवर डब्यात ठेवा: दोन प्लग, प्लगचा पाना, पंख्याचा नट आणि कॉटर पिना, शिअर पिनवालं (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन) मॉडेल असेल तर त्या चार, आणि ५ मिमी जाडीचा दोन मीटर दोर. स्टार्टरची दोरी तुटली तर वरचं कव्हर काढून फ्लायव्हीलच्या खाचेत या दोराची गाठ अडकवायची. बंदरावर एकदा करून बघा, समुद्रात पहिल्यांदा नको. म्हणूनच सेल्फ स्टार्ट असलं तरी हाताची दोरी असलेलंच मॉडेल घ्या.

भरतीवाला

इतका वेळ वाचत होतो, पण भरती-ओहोटीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खंभातच्या आखातात तोच खरा प्रश्न आहे. उधाणाला इथे पाणी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. कंबोईला स्तंभेश्वराचं शिवलिंग भरतीला बुडतं ते बघायला लोक लांबून येतात. तेच पाणी तुमच्या बोटीखालून जातं. उधाणाचा ओढा ५-६ नॉट, अरुंद जागी त्याहून जास्त. वर सुकाणूंनी काढलेला कमाल वेग ६ नॉट, तोही शांत पाण्यात. आता वजाबाकी करा. ६ असो की ९.९, उधाणाच्या मधल्या तासांत छोटं इंजिन तुम्हाला ओढ्याविरुद्ध घरी आणणार नाही.

मग ते कशासाठी? बोटीचं तोंड लाटेला धरून ठेवायला, आडवं सरकत वाळूच्या दांड्यापासून किंवा दुसऱ्याच्या जाळ्यापासून लांब जायला, आणि पाणी वळल्यावर भरतीबरोबर घरी यायला. बाराव्या हिश्शाचा हिशेब लक्षात ठेवा: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से सरकतं. १० मीटरच्या फरकात तिसऱ्या आणि चौथ्या तासाला अडीच-अडीच मीटर. त्या दोन तासांत इंजिन जाळू नका, नांगर टाका. आखाताच्या आतल्या टोकाला, नदीच्या मुखांजवळ भरती लवकर उरकते आणि ओहोटी लांबते, तिथे हा हिशेब तंतोतंत बसत नाही.

आणि ३० मीटर दोर? तो बदला, इंजिनाच्या आधी. ओहोटीच्या शेवटी ४ मीटर पाण्यात नांगर टाकला, वर ९ मीटर भरती चढणार, नाळेची उंची १ मीटर, झाले १४. पाचपट धरली तरी ७० मीटर दोर हवा. ३० मीटर दोराने भरतीत दोनपैकी एक होतं: नांगर सुटतो, नाहीतर सुटत नाही आणि नाळ खाली ओढली जाते. दुसरं जास्त वाईट. १२ मिमी नायलॉन ७० मीटर, पुढे ८ मिमीची ५ मीटर साखळी, चिखलात रुतणाऱ्या रुंद पात्यांचा ७-८ किलोचा नांगर. नांगर नाळेवरूनच, मागच्या फळीवरून कधीच नाही; दोन इंजिनांनी ती आधीच खाली बसलेली असते. दोराच्या टोकाला एक तरंगता डबा बांधा, वेळ आली तर दोर सोडून देता येतो.

भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ओढा बराच कमी असतो, तेव्हा ९.९ वर सरळ घरी येता येतं. मासेमारीच्या तारखा हातात असतील तर दुरुस्तीनंतरची पहिली फेरी तेव्हाच काढा. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फळीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही.

टू-स्ट्रोक_भक्त

दोराचं खरं आहे. ८ एचपीवरचा माझा हट्ट वजनासाठी होता, पण ब्रॅकेटवरच कायमचं राहणार असेल तर वजनाने काय फरक पडतो. मागे घेतो.

दांडियाबाजारकर

म्हणजे आधी ७० मीटर दोर, मग २५ इंची शाफ्टचं हाय थ्रस्ट ९.९, हातदोरीवालं, स्वतःच्या १२ लिटर टाकीसह. चालवताना मागे बसून हँडल धरायचं की मोठ्या इंजिनाला जोडपट्टी लावायची, म्हणजे दोन्ही एकत्र वळतील?

मकरपुरा_फिटर

जोडपट्टी लावा, पण झटक्यात निघणारी पिन असलेली. मोठं इंजिन न्यूट्रलमध्ये खाली ठेवलंत तर ते सुकाणूसारखं काम करतं आणि बोट हळू वेगात डोलत नाही. थोडा वेग जातो, तो जाऊ द्या. मोठ्याच्या पंख्यात जाळं अडकलं असेल तर मात्र पिन काढून मोठं उचलायचं आणि छोट्याचं हँडल हातात.

आणि शाफ्टचं माप बोट ट्रेलरवर असताना एकट्याने घेऊ नका. माणसं, बर्फ, अर्धी टाकी पेट्रोल असं सगळं चढवून पाण्यात असताना फळीवर खडूने पाण्याची रेघ मारा, मोठं इंजिन खाली असताना एक आणि उचललेलं असताना एक. ब्रॅकेटची उंची खालच्या रेघेवरून ठरवा.